सातबाऱ्यावर आत्यांची नावे आहेत का?

गेल्या वर्षावासातली, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या करमाळ्याच्या विहारात रविवारी सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपले, सरणत्तय झाले, खिरीचे वाटप झाले की माणसे घरोघर जातात. एका रविवारी मात्र सोलापूर-पुण्याला वकिलीचे शिक्षण घेणारी आपल्याच समाजाची सहा मुले-मुली उठून उभी राहिली. म्हणाली, "जयभीम. वाचनानंतर आम्हाला दर रविवारी एक तास द्या. आम्ही वारसा कायद्याचा अभ्यास करायचे ठरवले आहे. तुम्ही फक्त घरातले कागद आणा."

वारसा कायदा! मला खरे म्हणजे हसू आले. आपल्याकडची मुले वकिलीला जातात ती न्यायाधीशाची परीक्षा द्यायला, नाहीतर अत्याचाराच्या खटल्यात उभे राहायला. ते योग्यच आहे. पण इस्टेट, मृत्युपत्र, वाटणी हा विषय आपला असे कधी वाटले नाही. ज्यांच्याकडे वाडे आणि बागायती त्यांनी तो शिकावा. आपल्याकडे आहे काय? दीड एकर वतनाचा तुकडा, पत्र्याच्या दोन खोल्या आणि एखादे बँक पासबुक. त्याची कसली इस्टेट?

त्या मुलांतली एक मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. तिने उत्तर दिले ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "काका, शंभर एकरवाल्याची पाच एकर गेली तर तो जेवायचा थांबत नाही. ज्याच्याकडे दीडच एकर आहे त्यानंच कायदा पाठ पाहिजे."

पुढचे सहा-सात रविवार या मुलांनी जे काम केले त्याबद्दल समाजबांधवांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. त्यात माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागणार आहे, ती मी टाळणार नाही.

विद्यार्थ्यांनी एकत्र बसून वारसा कायद्यावर चर्चा करावी, हे आपल्या चळवळीला नवीन नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली काढलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे. घटना अमलात आली तो १९५० चा जानेवारी. त्याच महिन्यात बाबासाहेब या विद्यार्थी पार्लमेंटपुढे आले आणि बोलले ते हिंदू कोड बिलावर. हे बिल म्हणजे काही क्रांतिकारक उलथापालथ आहे असे म्हणणे चूक आहे, असे त्यांनी मुलांना समजावून सांगितले. देशाचा कायदेमंत्री कामाच्या धबडग्यातून वेळ काढून कॉलेजच्या पोरांपुढे मुलीच्या वाट्याचा कायदा मांडतो, याचा अर्थ आपण लक्षात घेतला पाहिजे. हा विषय संसदेत जिंकून भागणार नाही, तो घराघरात न्यावा लागेल आणि नेणारे हात तरुणांचे असतील, हे त्यांना दिसत होते असे मला वाटते.

बाबासाहेब स्वतः कायद्याचे मास्तर होते हे आपण विसरतो. १९३५ च्या जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले हे पुष्कळांना माहीत असते. पण त्याआधी १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या लेखनिकाला ही गोष्ट फार जवळची वाटते. पुढे १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालयही निघाले.

आणि हिंदू कोड बिल म्हणजे काय होते? जुन्या मिताक्षर पद्धतीत वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क मुलाचा, मुलीला फक्त लग्नाचा खर्च. विधवेला जगण्यापुरते. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४८ साली बिलाचा जो मसुदा सिद्ध केला त्यात मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा केला. केवढे काहूर उठले! बिल लांबणीवर पडत गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे अनेक होती, पण हिंदू कोड बिल हे त्यांतले ठळक. आपण दरवर्षी जयंतीला भाषणात हे सांगतो. मीही सांगितले आहे. टाळ्या घेतल्या आहेत.

विहारात पहिल्याच रविवारी एका उपासकाने शंका काढली. "आपण धर्मांतर केलं. आता आपण हिंदू नाही. मग हिंदू वारसा कायदा आपल्याला लागतो कसा?" ही शंका गावोगाव आहे. उलटी बाजूही आहे. धम्मदीक्षा घेतली म्हणून तुमचा वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क गेला, असे भावकीतली माणसे बेधडक सांगतात.

मुलांनी फळ्यावर लिहून दाखवले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ ला अमलात आला. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे चार महिन्यांनंतरची. पण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच म्हटले आहे की धर्माने बौद्ध, जैन वा शीख असलेल्यांनाही हा कायदा लागू. म्हणजे बौद्ध झाल्याने वारसा हक्काला बाध येत नाही. धर्म बदलला म्हणून मालमत्तेचा हक्क काढून घेता येणार नाही, असा कायदा तर इंग्रजांच्या वेळी १८५० सालीच झालेला आहे. बौद्धांचा स्वतंत्र वैयक्तिक कायदा असावा अशी मागणी आपल्या चळवळीत जुनी आहे आणि ती रास्त आहे. पण तो होईपर्यंत घरातली माणसे मरायची थांबत नाहीत. आज जो कायदा लागू आहे तो कळलाच पाहिजे.

वकिलीच्या विद्यार्थ्यांना कोर्टात उभे राहता येत नाही. सनद मिळाल्याशिवाय वकिली नाही, हे त्या मुलांनी आधीच सांगून टाकले. पण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र चालवले पाहिजे. २०११ च्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या विनियमांत तर विद्यार्थ्यांनी दूरची गावे दत्तक घ्यावीत अशीही सोय आहे. कागद वाचून दाखवणे, अर्ज कसा करायचा ते सांगणे, योग्य वकिलाकडे वा विधी सेवा समितीकडे पोचवणे, एवढे ही मुले करू शकतात. आणि आपल्या माणसाला बहुतेक वेळा एवढेच हवे असते. खटला नको असतो, कागदावर काय लिहिले आहे ते कोणी तरी न ओरडता सांगावे एवढेच हवे असते.

कागद आले. काय काय आले! प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेक्झिनच्या बटव्यात, भाकरीच्या जुन्या डब्यात. पिवळे पडलेले सातबारे, हाताने लिहिलेले फेरफार, घडीवर फाटलेल्या पावत्या. मुलांनी पहिली गोष्ट केली ती वंशावळीची. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मोठाले झाड काढायचे. वर आजोबा किंवा पणजोबा, खाली सगळी लेकरे, मुली धरून. मग सातबारा शेजारी ठेवायचा आणि झाडावरची कोणती नावे उताऱ्यात आहेत त्यांवर खूण करायची.

खुणा फार थोड्या पडल्या. काही उताऱ्यांवर तर मालक म्हणून जे नाव, तो माणूस तीस-तीस वर्षांपूर्वी वारलेला. राज्य सरकारने २०२५ साली मयत खातेदारांच्या वारसांची नोंद घेण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, ती याच कारणाने. मोहीम चांगली होती, पण वारस कोण हे सांगायचे घरच्यांनीच, आणि घरच्यांनी सांगितलेलेच कागदावर येते. तिथेच तर मेख आहे.

आपल्या जमिनींची गोष्ट आणखी वेगळी. त्यातल्या बऱ्याचशा महार वतनाच्या. वतन म्हणजे गुलामीची साखळी आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले होते. पुढे १९५८ चा कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा झाला. १ ऑगस्ट १९५९ पासून तो लागू झाला आणि येसकर, तराळ ही बिनपगारी राबणूक कायद्याने संपली. जमीन आधी सरकारजमा झाली आणि शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरल्यावर वतनदाराला परत मिळाली. पण नव्या शर्तीवर. म्हणून उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही.

आता परत दिली ती कुणाच्या नावाने? बहुधा घरातल्या थोरल्याच्या. ज्याने चावडीत जाऊन पैसे भरले त्याच्या. बाकीचे भाऊ मुंबईला गिरणीत, गोदीत. त्यांची नावे राहूनच गेली. दोन पिढ्यांनी थोरल्याची नातवंडे म्हणतात, जमीन आमच्या आजोबाची. पण वतन खालसा होऊन थोरल्याच्या नावाने जमीन परत मिळाली तरी ती साऱ्या कुटुंबासाठीच असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एका देसाई घराण्याच्या वतनाच्या खटल्यात सांगितलेले आहे. तो खटला मोठ्या वतनदारांचा होता. पण तत्त्व समजून घ्यायला आपल्या घरी उपयोगी पडते. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळच्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनी जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांत गाजला. तेव्हा विहारातले सगळे म्हातारे एकदम जागे झाले. "आपल्या जमिनीलाबी एवढी किंमत असती व्हय?" असे एकाने विचारले.

आमच्या तालुक्यात दुसरे दुखणे उजनीचे. धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले आणि भीमेच्या काठची आमची गावे पाण्यात गेली. ज्यांची जमीन बुडाली त्यांना कुठे मोबदला, कुठे पर्यायी जमीन. तिथेही यादीत नाव एकाचे आणि हक्कदार दहा. केत्तूर-वांगीकडची माणसे कागद घेऊन आली तेव्हा मुलांनी प्रामाणिकपणे सांगितले की पुनर्वसनाचा कायदा आम्हाला अजून नीट येत नाही, आमच्या सरांना विचारून सांगतो. मला हे फार आवडले. आपल्याकडे माहीत नसताना सांगणारेच जास्त.

असे रविवार चालले होते. मी लेखनिक माणूस, अक्षर बरे. मुलांचे अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे होते. आणि एका रविवारी त्या शेवटच्या वर्षाच्या मुलीने सहज, कागद चाळता चाळता विचारले, "काका, तुमच्या सातबाऱ्यावर आत्यांची नावं आहेत का?"

आत्या म्हणजे माझ्या बहिणी. मी म्हणालो, "आमचं सगळं मिटलेलं आहे." तिने पुढे विचारले नाही. पण मला माहीत होते.

आमचे वडील २०११ साली वारले. दीड एकर वतनाचे वावर त्यांच्या नावावर होते. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. वारस नोंदीचा अर्ज मीच लिहिला, माझ्या या चांगल्या अक्षरात. लिहिताना एका जाणत्या माणसाने सल्ला दिला, "बहिणींची नावं कशाला घालताय? पुढं काय करायचं म्हटलं की सह्या गोळा करत फिरावं लागतं. लग्नं झाली, त्या सुखात आहेत." मी प्रतिज्ञापत्रावर लिहिले, वारस पत्नी एक, मुलगे दोन. याखेरीज अन्य वारस नाहीत.

अन्य वारस नाहीत! थोरल्या अक्काने मला कडेवर वागवले. धाकटीने माझ्या कॉलेजच्या फीसाठी आपले पैंजण दिले. त्या दोघी त्या दिवशी दहाव्याच्या भांड्यांच्या ढिगापाशी बसल्या होत्या आणि मी आतल्या खोलीत त्यांना कागदावरून पुसून टाकत होतो. त्या वर्षीच्या जयंतीला मी हिंदू कोड बिलावर पाऊण तास बोललो.

हे लिहिताना लाज वाटते. पण विहारात वंशावळी काढल्या त्यांत मी एकटा नव्हतो. आपल्या घरी वरात निळ्या झेंड्याची आणि वाटणी मनूची, असे चालले आहे. कुणी म्हणतो हुंडा दिला, कुणी म्हणतो लग्नात खर्च केला. गंमत अशी की याच माणसाला बायकोच्या माहेरचा वाटा बरोबर आठवतो. मी घरी हे बोललो तेव्हा सौभाग्यवतीने एवढेच विचारले, "आणि माझ्या भावांनी माझं नाव लावलंय का, हे तुम्ही कधी विचारलंत?" विचारले होते, खरे सांगायचे तर. दोनदा.

कायदा काय म्हणतो ते मुलांनी माझ्यापुढे मांडले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः वाटेकरी केले, पण त्याआधी जिचे लग्न झाले तिला वगळले. अक्काचे लग्न १९९३ चे, ती बाहेर. धाकटीचे २००१ चे, ती आत. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली. तिने लग्न झालेली, न झालेली हा भेदच काढून टाकला. वडील त्या तारखेला हयात असावे लागतात का, यावर कोर्टाकोर्टांत मतभेद झाले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला. मुलीचा हक्क जन्माचा, वडील तेव्हा असोत वा नसोत. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी ज्या वाटण्या रीतसर झाल्या त्या उकरता येत नाहीत. आणि वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात तर १९५६ पासूनच मुलगी, मुलगा, विधवा आणि आई हे सारखे वारस आहेत.

मी बी.कॉम. असल्याने मला हिशेब करून बघायची खोड. जमीन वडिलांची एकट्याची धरली तर पाच वारस, प्रत्येकी पाचवा हिस्सा. जमीन वडिलोपार्जित धरली तर आधी वडील, आई आणि चार भावंडे असे सहा वाटे करायचे, मग वडिलांचा सहावा वाटा उरलेल्या पाच जणांत. एक षष्ठांश अधिक एक तिसांश. उत्तर पुन्हा एक पंचमांश. साठ गुंठ्यांत बारा बारा गुंठे. दोन्ही वाटांनी गेलो, बहिणींचे बारा गुंठे काही हलले नाहीत.

यानिमित्ताने दोन-तीन व्यावहारिक गोष्टी भगिनींनी ध्यानात ठेवाव्यात. फेरफार नोंदीने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. ती महसुलासाठी केलेली नोंद आहे. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क संपला असे समजू नका. वारसाने जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार, मग सातबारा. मंडळ अधिकारी तो प्रमाणित करण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते. ती नोटीस सासरच्या पत्त्यावर आली तर चुलीत घालू नका, वाचून घ्या. नाव राहून गेले तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते, उशीर का झाला ते सांगावे लागते. आणि नाव लावणे म्हणजे वावराचे तुकडे करणे नव्हे. सामाईकात नाव राहते, नांगर ज्याचा चालतो त्याचाच चालतो. ही भीती घालून कित्येक बहिणींना गप्प बसवले जाते.

हक्कसोड पत्राबद्दल मुली फार तळमळीने बोलल्या. राखीला साडी द्यायची, जेवण घालायचे आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन सही घ्यायची, ही पद्धत आपल्या घरातही शिरली आहे. बहिणीने समजून उमजून, मोबदला घेऊन वा न घेता हक्क सोडला तर तो तिचा प्रश्न. पण कागद वाचून दाखवल्याशिवाय सही घेणारा भाऊ आणि अंगठा घेणारा सावकार यांत मला तरी फरक दिसत नाही.

मृत्युपत्राविषयी विहारात फार कुतूहल होते. पुष्कळांना वाटते त्याला मोठा स्टॅम्प लागतो, वकील लागतो. मृत्युपत्र साध्या कागदावर होते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. करणाऱ्याची सही आणि ती सही पाहिलेले दोन साक्षीदार, एवढे हवे. साक्षीदार शक्यतो ज्याला त्यातून काही मिळणार नाही असा घ्यावा. पण मृत्युपत्र दुधारी आहे. मुलींना हक्क मिळाला तसे त्यांना वगळण्यासाठी मृत्युपत्रे करणारेही वाढले. स्वतःच्या वाट्यापलीकडचे कुणाला लिहून देता येत नाही, हे मात्र त्यांना सांगायला हवे.

कुणाला मृत्युपत्राची खरी गरज? मुलांनी सांगितले, मूलबाळ नसलेल्या कमावत्या बाईला. तिची स्वकमाई तिच्यामागे नवऱ्याकडे आणि नवराही नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिला वाढवणारे आईबाप त्यांच्यानंतर येतात. कलम १५ तसे आहे. आपल्या समाजात परिचारिका, शिक्षिका, कारकून झालेल्या कितीतरी एकट्या भगिनी आहेत. हे ऐकून त्यांतल्या दोघी दुसऱ्या रविवारी वही घेऊन आल्या. ज्यांनी विशेष विवाह कायद्याने लग्न केले त्यांचीही शंका निघाली. दोघे हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी असतील तर हाच उत्तराधिकार कायदा. जोडीदार मुसलमान वा ख्रिस्ती असेल तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा.

आणि नॉमिनी! बँकेच्या फॉर्मवर ज्याचे नाव तोच मालक, असा सार्वत्रिक समज आहे. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. वारसांचा हक्क वेगळा राहतो. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी पूर्ण मालक नाही, असे १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने ठरवले. ज्यांचे कॅलेंडर घरोघर भिंतीवर, त्यांच्या घरी हा घोळ होऊ शकतो तर आपली काय कथा!

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले त्या अमेरिकेत विधी महाविद्यालयांतून इस्टेट आणि मृत्युपत्र या विषयाची आवड असणाऱ्या मुलांची स्वतंत्र मंडळे असतात, असे या मुलांनी सांगितले. बहुतेक श्रीमंतांची कामे मिळावीत म्हणून. पण दुसरी बाजू ऐकून आम्ही सावध झालो. तिथल्या काळ्या शेतकऱ्यांनी गुलामी संपल्यावर काबाडकष्टाने जमिनी घेतल्या. गोऱ्यांच्या कोर्टावर विश्वास नाही, म्हणून मृत्युपत्र नाही, वारसांची नोंद नाही. दोन-तीन पिढ्यांत एका तुकड्याचे पन्नास वाटेकरी झाले. मग बाहेरचा माणूस शहरात राहणाऱ्या एकाचा हिस्सा स्वस्तात विकत घेतो, वाटणीचा दावा लावतो आणि कोर्ट सगळी जमीनच लिलावात काढते. अशा रीतीने त्यांच्या हातून अफाट जमीन गेली. त्याला आळा घालायला तिथे २०१० साली नमुना कायदा तयार झाला आणि पुष्कळ राज्यांनी तो स्वीकारला. काही विधी महाविद्यालयांची मदत केंद्रे आता खास हेच काम करतात. विहारातला एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे आपलंच की हे!"

या कामाला पैसा फारसा लागत नाही. अनुसूचित जातीची कोणतीही व्यक्ती आणि कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायला पात्र आहे. १९८७ च्या कायद्याचे ते बारावे कलम. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच असते, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. लागतात ती माणसे, चिकाटीने बसणारी. आणि मुलांना परीक्षा असतात. दिवाळीनंतर आमचे दोन रविवार रिकामे गेले, हेही नमूद केले पाहिजे. ज्या ज्या गावी आपली मुले-मुली वकिलीला आहेत त्यांनी सुट्टीत विहाराची एक खोली आणि एक फळा मागून घ्यावा. विहार समित्यांनी नाही म्हणू नये. आमच्याकडेही दोघा कारभाऱ्यांनी "घराघरात भांडणं लावाल" म्हणून कुरकुर केली होती. त्यांच्याही सातबाऱ्यावर बहिणी नाहीत.

मी अक्काकडे गेलो. चहा झाला. सांगितले, की अर्ज मीच लिहिला होता. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठावं हुतं. मोहीम आली तवा पोरानं मोबाइलवर उतारा काढून दावला हुता. तू सांगशील म्हणून थांबले." धाकटी मात्र भडकली. "दादा, जमीन नको होती मला. पण वारस नाहीत असं लिहिलंस?" ती अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि तिचे काही चुकत नाही.

दोघींची नावे दाखल करण्याचा अर्ज आणि उशिराबद्दलचा माफीचा अर्ज त्या मुलीने मसुदा करून दिला, तिच्या सरांनी तपासला. मी तो माझ्याच अक्षरात लिहून काढला आहे. आईने अंगठा दिला आणि विचारले, "एवढ्या उशिरा का रं?" माझी सही झाली. धाकट्या भावाची व्हायची आहे. ज्वारीची काढणी उरकली की बसू, असे तो म्हणाला आहे.